बागेतली झोळी

शेतावर जाणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी गावात पाळणाघर हवं, असा विषय अंगणवाडीच्या ताईंनी ग्रामसभेत मांडला, तेव्हा सुकदेवआबा हसले. चोपड्याच्या वाटेवरची त्यांची केळीची बाग म्हणजे त्यांचा स्वर्ग. भर उन्हातही तिथे हिरवा अंधार असायचा, आणि वारा आला की सगळी बाग झोपेत बोलल्यासारखी कुजबुजायची.

"मन्हा बागमा समदा लेकरं झोळीमा गार निजतस," आबा म्हणाले. "पाळणाघर कसाले पाहिजे?"

त्यांच्याच बागेत कामाला जाणारी सारिका लेकीला मांडीवर घेऊन समोर बसली होती. तिनेही मान डोलावली. "मन्ही परी दिनभर झोळीमा ऱ्हास, आबा. घर जातस तवय झोपेल ऱ्हास. दोन वरीसनी व्हयनी, अजून बोलत नही, पन रडत बी नही. गुनी शे."

आबांनी कौतुकाने परीची हनुवटी धरली. "बोल ना मन्ही माय, काय म्हनस तू?"

परी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिच्या ओठांतून एक लांबलचक, थरथरता आवाज आला. सळसळत आला, मध्येच फडफडला आणि हळूहळू विरून गेला.

लोक हसले. आबांच्या अंगावर मात्र काटा आला. दुपारच्या वाऱ्यात केळीची पानं अगदी अशीच वाजायची.

परीशी आजवर बोलली होती, ती फक्त त्यांची बाग.