हातातल्या चपला

घरात चपला घालून हिंडायची ही कुठली रीत म्हणायची! नवसाबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती आणि तिची सून चंद्रभागा माजघरातून ओसरीवर, ओसरीवरून माजघरात नुसती करकर वाजवत चालत होती. चपला कोऱ्या. चुलीपाशी जाताना तेवढ्या काढायची. तेवढी अक्कल देवानं शिल्लक ठेवली होती.

"टाचेला चावती का गं?" नवसाबाईनं विचारलं. आवाज गोड होता, पण नजर तांदळात नव्हती.

"जरा चावती, आत्याबाई. म्हणून सैल करतीय."

म्हणजे हिनं मनातल्या मनात आग्र्याला जायचं ठरवून टाकलंय!

मुलगा खंडेराव मनमाडला रेल्वेत फिटर होता. रजेवर नाशिकला घरी आला होता. दिवाळीत घरच्या माणसांसाठी त्याला गाडीचा पास मिळणार होता. त्याच्या मनात आग्रा होतं. किल्ला, ताजमहाल, बादशहांच्या इमारती. नवसाबाईच्या मनात दिंडोरीकडचं त्यांचं गाव. तिथं मळ्यातली थंडी, ताज्या बाजरीची भाकर, आणि वेशीपासून घरापर्यंत पाया पडायला येणाऱ्या बाया. आग्र्यात तिला कोण ओळखणार? कुणाची तरी म्हातारी, एवढंच. खंडेरावाला उद्या कामावर जाऊन सांगायचं होतं, पास हवा की नको. आणि या घरात नवसाबाईच्या पुढं कुणाचा शब्द जात नाही, हे शेजारच्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

"गावाला जायचं तर चपला सैल करून काय करायच्यात?" ती म्हणाली.

चंद्रभागा थांबली. मान खालीच होती.

"गावाला काय आत्याबाई, हातातच असत्यात."

ओसरीवर खंडेराव अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. त्याचा हात थांबला.

गावात शिरलं की वेशीपाशीच पार. पारावर सगळी वडीलधारी माणसं. त्यांच्यासमोरून बाईमाणसानं चपला काढून, हातात धरून, पदराखाली झाकून जायचं. मळ्यात जायचं तर वाट पारावरून. पाण्याला जायचं तरी पारावरून. नवसाबाई सून म्हणून आली तेव्हा तिच्या मालकानं नाशिकहून चपलांचा जोड आणला होता. तो गावच्या घरी अजून खुंटीला टांगलेला आहे. तळ कोरा. येईल त्या बाईला ती तो दाखवायची, "बघा, मी कधी पारापुढनं पायात घालून गेले नाय." चंद्रभागेलाही दाखवला होता. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी.

आजही तेच सांगायला तिनं तोंड उघडलं, पण पहिल्यांदाच त्या कोऱ्या तळाचं बोलताना तिची जीभ अडखळली. तिनं तांदळातला एक खडा उचलून अंगणात भिरकावला. कोंबडी धावली आणि फसली.

"आई," खंडेराव हळूच म्हणाला, "आग्र्याला तरी काय? आमच्या कामावरचा एक जण जाऊन आलाय. ताजमहालात कबरीपाशी जायचं तर चपला काढायलाच लागत्यात."

"घ्या!" नवसाबाईनं मांडीवर हात मारला. "एवढा पल्ला मारून, टाचा सोलून जायचं आन् तिथंबी काढायच्याच! मग आपलं गाव काय वाईट हाय?"

चंद्रभागा खाली बसली, चपला काढल्या, पदरानं त्यांच्यावरची धूळ पुसली आणि एकीवर एक ठेवून भिंतीशी सारल्या. गावाला नेताना बांधतात तशा. नवसाबाई ते बघत होती.

"खंडू," ती म्हणाली, "तिथं बायांनीच काढायच्या का?"

"छे! सगळ्यांनी. बाप्यांनीसुद्धा. गोरा साहेब असला तर त्याच्याबी बुटावर कापडाची खोळ चढवत्यात म्हणं."

"साहेबाच्या?"

"साहेबाच्या."

"आन् काढल्या की मग? हातात धरून हिंडायचं?"

"हातात कशाला? बाहेर एक माणूस बसलेला असतो राखणीला. परत आलं की आपापल्या पायात घालायच्या आन् चालायला लागायचं."

नवसाबाईनं सूप बाजूला ठेवलं. मग खुंटीवरची सुतळी ओढून घेतली, पाय पुढं केला आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरली. टाच भेगाळलेली, अंगठा वाकडा. माप पुरं झालं तिथं तिनं घट्ट गाठ मारली आणि ती सुतळी खंडेरावाच्या पानाच्या डब्यावर टाकली.

"बघतोस काय तोंडाकडं? चामड्याच्याच आण. आन् करकर वाजणाऱ्या."

खंडेराव हसायला गेला, पण तिनं डोळे वटारले तसा सुपारीच कातरू लागला. चंद्रभागेला मात्र काय करावं ते कळेना. ती भिंतीशी तशीच उकिडवी बसून राहिली.

"आन् तू गं चंद्रभागे," नवसाबाई कडाडली, "घरात चपला घालून हिंडलेलं मला आजबी खपायचं नाय आन् उद्याबी खपायचं नाय. ऊठ. घाल त्या पायात आन् अंगणात चाल. चांगली रस्त्यापर्यंत जाऊन ये. लोकं बघत असली तर बघू दे."