तक्रार नाही

गल्लीच्या तोंडाशीच तपासनीस बाईंचा हात नाकाकडे गेला. कारखान्याचा वास होता तसाच होता. कुजक्या अंड्यांचा, घशात जाऊन बसणारा. मग इथल्या आजोबांचे तक्रारीचे फोन थांबले कशाने?

प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात आजोबांना सगळे ‘नाक’ म्हणायचे. फोन वाजला की कोणीतरी हळूच म्हणायचं, नाक आलं. पण चेष्टा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं, की वासाची अशी पारख दुसऱ्या कोणाला नाही. बाकीचे लोक दोन शिव्या हासडून फोन आपटत. आजोबांच्या बोलण्यावरून मात्र कारखान्यात कुठे गळती आहे ते बाईंना खुर्चीत बसून उमगायचं. त्यांच्याच तक्रारींवर सगळी चौकशी उभी होती. आता महिनाभर ते गप्प होते. तक्रार उरली नाही हे एकदा त्यांच्या तोंडून ऐकून या, म्हणजे चौकशी गुंडाळता येईल, असं साहेबांनी सांगितलं होतं.

दार सुनेने उघडलं. बाईंनी ओळख सांगताच ती बाहेर आली, दार मागे ओढून घेतलं आणि दबक्या आवाजात विनवू लागली. बाबांना वास येईनासा झालाय, पण ते त्यांच्या लक्षात आलेलं नाही. कारखाना सुधारला असं समजून खुशीत आहेत. दोन घास जास्त जातात, झोप लागते. तुम्ही फक्त हो ला हो करा.

बाईंनी काहीच कबूल केलं नाही. हा वायू आधी नाकालाच मारतो, वास जातो आणि वायू तिथेच राहतो, हे नव्या लोकांना त्याच तर शिकवायच्या. शिकवताना ते वाक्य फार सोपं होतं.

आजोबा सताड उघड्या खिडकीपाशी बसले होते. ती कित्येक वर्षं उघडलीच नव्हती. फटींवर लावलेल्या चिकटपट्टीचे पिवळे डाग चौकटीवर अजून दिसत होते.

“या ताई. जिंकलो आपण.”

त्यांनी बाईंसाठी खुर्ची खिडकीकडे ओढली, स्वतः छातीभर श्वास घेतला आणि बाईंनाही घ्यायला लावला. बाईंनी घेतला. घसा चरचरला. खोकला त्यांनी कसाबसा गिळला. आजोबा बोलतच राहिले. लोक हसले तर हसू द्यावं, माणसाने पिच्छा सोडू नये. मग हात झटकून म्हणाले, “साहेबांना सांगा, माझी आता काही तक्रार नाही.”

हेच ऐकायला तर त्या आल्या होत्या. सून दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. एवढ्यावर उठून निघता आलं असतं.

बाईंनी पिशवीतून वायू मोजायचा मुठीएवढा मीटर काढला आणि खिडकीत ठेवला. आकडा चढत गेला. मग मीटर टीं टीं करू लागला.

“बिघडलाय का हो हा?”

“नाही, आजोबा.”

आजोबांनी मीटरकडे पाहिलं, बाईंच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग दाराकडे. सुनेला नाकावरचा हात काढायला जरा उशीर झाला होता.

“तुला येतो वास?”

“येतो, बाबा.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही खिडकी उघडून बसला होतात.”

आजोबांनी शर्टाची बाही हुंगली. चहाचा कप उचलून नाकाशी धरला, बराच वेळ धरला, आणि खाली ठेवला. बाईंनी मीटर बंद केला. डॉक्टरांना दाखवायला हवं, नाक परत येईलही, असं त्या चाचरत म्हणाल्या. आजोबांनी मान हलवली, पण विचारलं भलतंच. चौकशी चालू राहील ना? बाईंनी खरं ते सांगितलं. मीटर आजचं सांगतो. रोज वायू कधी सुटतो, कसा सुटतो, ते इथे राहणाऱ्यानेच कळवावं लागेल.

आजोबांनी आपली खुर्ची खिडकीपासून बाजूला सरकवली.

“सूनबाई, इकडे ये. उभी राहा अशी. कसला येतो?”

ती खिडकीशी आली. एक श्वास घेतला आणि तोंड फिरवलं. “घाण येतो, बाबा.”

“घाण म्हणजे काय ते सांग,” आजोबा म्हणाले. “घाई नको. आधी वारा कुठून आहे ते बघ.”