मीटरला गजरा

कल्पना करा हं, मुलांनो: तुमची आई गजरे विकते, आणि उकाड्याने मोगऱ्याच्या कळ्या दुपारीच पिवळ्या पडतात. केतकीच्या आईचं तसंच व्हायचं. म्हणून शेजारच्या हमीदाचाचींनी आपला जुना फ्रिज फुकट देऊ केला, तेव्हा आई हरखली.

फ्रिज घुरघुरू लागला. एकट्या फ्रिजला किती वीज लागते ते बघायला केतकीने शाळेत शिकवल्याप्रमाणे बाकी सगळी बटणं बंद केली आणि दाराबाहेरचा मीटर पाहिला.

"आई, लाल दिवा बघ कसा भराभर लुकलुकतोय! जितका पळेल, तितकं बिल वाढेल."

"अगं बाई! म्हणजे मी गजरे या फ्रिजच्या बिलासाठीच ओवायचे?"

फ्रिज द्यायला आलेल्या चाची ओशाळून हसल्या. "म्हणून तर मी नवा घेतला!"

पैसे साठवून आईने लहानसा नवा फ्रिज आणला आणि हळदकुंकू लावून त्याला गजरा वाहिला. केतकी मीटरकडे धावली. दिवा निवांत लुकलुकत होता. तिने वेणीतला गजरा काढून मीटरला घातला.