खोली नंबर चौदा

अवनी दुकानात शिरली तेव्हा वसंताबाई साडीला फॉल लावत होत्या.

"तारा आहे का?" अवनीने विचारलं. "मी अवनी. तिच्या मेलमध्ये इथलाच पत्ता होता. रविवारी अकराला या, असं लिहिलं होतं."

वसंताबाईंनी सुई साडीतच टोचून ठेवली. पन्नाशी उलटलेली, सावकाश हालचालींची बाई. "बस म्मा," त्या कन्नड वळणाने म्हणाल्या. "मीच लिहिलं होतं ते."

अवनी स्टुलावर बसली. शहराबाहेरच्या हूटगळ्ळी गावातल्या नव्या वस्तीतलं ते एका गाळ्याचं दुकान होतं. आत दोन मशिनी, भिंतीला टांगलेले शिवून तयार ब्लाउज. ताराने या दुकानाबद्दल कधीच लिहिलं नव्हतं.

तारा लिहायची ते होस्टेलबद्दल. 'खोली नंबर चौदा' हा तिचा ब्लॉग बारा वर्षं चालला होता. आधी बी.ए., मग एम.ए., मग पीएच.डी. मेसमधलं पाणचट सांबार, उशीर झाला की दार न उघडणारी वॉर्डन, घरी जायच्या दिवशीच ताप येणारी रूममेट. मराठी साधं, मधूनच एखादा कन्नड शब्द. गेल्या सोमवारी तिने निरोपाचा लेख टाकला होता. खोली रिकामी करते आहे, असं लिहून शेवटी म्हटलं होतं, 'मी आता जिथे चालले आहे, तिथून हे असं लिहिता येणार नाही.'

ते वाक्य अवनीने आठवडाभर डोक्यात घोळवलं होतं.

"ती बरी आहे ना?"

मांडीवरच्या साडीची घडी वसंताबाईंनी नीट केली.

"तारा आता लिहिणार नाही," त्या म्हणाल्या.

रस्त्यावरून बस गेली. अवनीने स्टूल पुढे ओढलं.

"मला तिला एकच गोष्ट सांगायची होती," अवनी म्हणाली. "मी नाशिकला इंजिनिअरिंगला होते. तिसऱ्या सेमिस्टरला चार विषय गेले. बॅग भरून झाली होती, बाबांना फोन करायचा तेवढा राहिला होता. त्या दुपारी तिचा एक जुना लेख वाचला. तीही नापास झाली होती. 'निकाल लागला त्याच दिवशी पुन्हा फॉर्म भरला, रडायला नंतर वेळ काढेन,' असं लिहिलं होतं तिने. मी बॅग रिकामी केली. आता इथे जवळच कडकोळला कंपनीत इंजिनिअर आहे."

वसंताबाईंनी चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसला.

अवनीने आवाज खाली आणला. "काकू, तारा तुमची मुलगी होती का?"

"मला दोघे मुलगेच." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तारा म्हणून कोणी नव्हतीच म्मा. मीच लिहायची."

"म्हणजे होस्टेल? वॉर्डन? पीएच.डी.?"

"आमचं आधीचं दुकान मुलींच्या होस्टेलसमोर होतं. माप घेताना मुली बोलतात. कोणाचं भांडण, कोणाची परीक्षा, कोणाला घरची आठवण. मी ऐकत राहायची. मला दहावीनंतर मशीनवर बसवलं होतं. त्यांचं ऐकून वाटायचं, आपण असतो तर कसे असतो. तेच लिहायला लागले. मग लोक मला विचारायला लागले, अभ्यास कसा करू, घरी कसं सांगू. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. धाडस झालं नाही. म्हणून भेटायचं म्हणून ज्यांनी लिहिलं त्यांना पत्ता पाठवला, जो येईल त्याला तरी समोर बसून सांगायचं ठरवलं. तू एकटीच आलीस."

अवनी उठली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मी त्या मुलीच्या शब्दावर चार वर्षं काढली, काकू."

"हौदु," वसंताबाई म्हणाल्या. "हो. माझी चूकच झाली."

अवनी पायरीपर्यंत गेली. तिथून वळली. "नापास झाल्याचा तो लेख. तोही रचलेला?"

"तो नाही."

"मग कोण नापास झालं होतं?"

"मी." वसंताबाईंची नजर मशीनवर होती. "पीयूसीला. म्हणजे तुमची बारावी. बाहेरून बसले होते. इंग्रजी राहिलं. त्याच दिवशी पुन्हा फॉर्म भरला, तेवढंच लिहिलं. घरात कोणाला माहीत नव्हतं, म्हणून ब्लॉगवर लिहिलं. पुढच्या वर्षीही राहिलं. त्याच्या पुढच्याही."

अवनी हळूहळू परत आली आणि स्टुलावर बसली. ती म्हणाली, "मग बंद नका करू. हेच लिहा. जे खरं आहे ते."

"लिहीन कधीतरी. पण तारा म्हणून नाही. आणि सध्या वेळ होणार नाही."

"दुकानाचं काम वाढलंय?"

"दुकान आता दुपारनंतरच उघडणार." वसंताबाईंनी साडीतली सुई काढून हातात घेतली. "नवव्या खेपेला इंग्रजी सुटलं. उद्या सकाळी आठला माझा कॉलेजातला पहिला तास आहे."