कण्हणारा पूल

"कुणाला खरं वाटायचं न्हाई, पण ह्यो पूल अर्जानं आला न्हाई. जुना पूल कण्हला म्हणून आला," भिकोबाआजा मांडवात फेटा सावरत म्हणाला.

बाहेर नव्या पुलाच्या तोंडाशी हार घातलेली एसटी उभी होती. जुन्या पुलावर ती कधी चढलीच नाही. गरोदर सुनेला आजानं स्वतः बाजेवरून पलीकडे नेलं होतं, आणि तेव्हाच मनाशी काहीतरी ठरवलं होतं.

"किती सायेब आले. जीपमधनंच बघायचे, अजून टिकतोय म्हणायचे, की गेले. मग ह्या बाईसाहेब आल्या." आजानं पहिल्या रांगेतल्या इंजिनिअर बाईंकडे बोट केलं. "जीप मधोमध आली आन् पूल असा कण्हला, की पल्याडच्या देवळातली घंटा आपसूक वाजली. बाईसाहेबांच्या डोळ्यांला पाणी. तिथंच म्हणाल्या, आजा, निधी दिला."

"पूल कुठं कण्हतो व्हय?" सरपंचबाईंनी विचारलं.

"म्हातारपणी कोण कण्हत न्हाई?"

मांडव हसला. इंजिनिअर बाई माइकपाशी आल्या.

"आवाज मीही ऐकला. त्यापायीच जीपमधून उतरून पुलाखाली गेले. कमानीत हात जाईल एवढ्या भेगा होत्या. त्यांचे फोटो वरिष्ठांना दाखवले, तेव्हा निधी मिळाला. म्हणून पहिला नारळ आजांच्या हातानं फुटेल. पण आजा, शिंगं असलेला आणि रेडकासाठी हंबरणारा पूल मी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला."