पुन्हा एकदा दाखवता?

एकटा जीव सदाशिव असलेले हेडक्लार्क वायर बाइंडिंगचं मशीन निवडायला पुन्हा दुकानात आले. एकटीनं दुकान सांभाळणाऱ्या मालकीणबाईंनी न कंटाळता कागदांना भोकं पाडली, वायर ओवली, दांडा दाबला.

"हे हलकं आहे. ऑफिसच्या कामाला पुरेल."

"हो, पण..." हेडक्लार्क घुटमळले, "ते कोपऱ्यातलंही पुन्हा एकदा दाखवता?"

बाईंनी तेही दाखवलं. मग गालातल्या गालात हसत म्हणाल्या, "तुमच्या साहेबांचा फोन आला होता. गेल्या महिन्यात तुम्ही इथून नेलेलं मशीन झकास चालतंय म्हणाले."

हेडक्लार्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कधी आला फोन?"

"झाला की पंधरवडा! तरी दाखवतेच आहे ना मी?"