यादीतलं नाव

सकाळी आंबा पल्पच्या कारखान्यात नवं सॉफ्टवेअर सुरू झालं, तेव्हा मेल पाठवायची परवानगी कोणाकोणाला, ती यादी मालक बाळाशेटनी स्वतः केली. ते, मुलगा आणि सूनबाई. आठ वर्षं दुबईचा सगळा पत्रव्यवहार करणारी दीक्षा शेजारीच उभी होती.

"तुझं नाव कशाला गो? मेल तूच लिही, पण माझ्या नावानं जाऊ दे. बाहेरच्यांना घरची नावं दिसलेली बरी."

दुपारचे तीन वाजले तरी माल रवाना करायला दुबईच्या गिऱ्हाइकाकडून होकार येईना. भरलेला कंटेनर गेटवर तापत उभा होता, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. शेट दर पाच मिनिटांनी केबिनबाहेर येत. "आलं काय गो उत्तर?" दीक्षानं त्यांच्या नावानं चौथा मेल पाठवला. टेबलाखाली तिचाही पाय हलायचा थांबत नव्हता.

शेवटी शेटनी दुबईला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस मूळचा चिपळूणचा. म्हणाला, "शेट, आमच्या यादीत नसलेल्याचा मेल आमची सिस्टीम आत घेतच नाही. तुमच्याकडचं एकच नाव आहे आमच्याकडे, दीक्षा कांबळे. गेल्या वर्षी फुगलेल्या डब्यांची भानगड त्यांनीच निस्तरली ना!"

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. शेट तिच्याकडे न बघता म्हणाले, "टाक गो तुझं नाव पटकन."

दीक्षानं कीबोर्ड उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

"तुम्हीच घाला, शेट. आडनावासकट."